उपचाराचा खर्च कोण भरतो, केव्हा भरतो, आणि ही व्यवस्था कशी घडत गेली?

नीलमोहर

आरोग्यसेवेच्या अर्थकारणाविषयी वाचताना एक प्रश्न मला सतत पडतो. तो येथील जाणकारांपुढे ठेवत आहे. शस्त्रक्रिया, औषधे आणि तपासण्या जगभर थोड्याफार फरकाने सारख्याच असतात. तरीही त्यांचे पैसे चुकते करण्याच्या पद्धती देशागणिक इतक्या निराळ्या का आहेत? ब्रिटनमधील सार्वजनिक रुग्णालयातून घरी जाताना तेथील रहिवाशाच्या हाती बिल पडत नाही. जर्मनीत पगारातून दरमहा अंशदान कापले जाते आणि उपचारांचा खर्च आजारपण निधी, म्हणजे सभासदांच्या अंशदानावर चालणाऱ्या विमा संस्था, उचलतात. अमेरिकेत नोकरी सुटली की बहुतेकांचा विमाही सुटतो. अनेक गरीब देशांत तर आधी पैसे भरल्याशिवाय उपचार सुरूच होत नाहीत.

हे फरक त्या त्या समाजांनी विचारपूर्वक निवडले, की परिस्थितीच्या रेट्याने ते घडत गेले? दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे. कर असो, अंशदान असो, विम्याचा हप्ता असो किंवा रोख रक्कम असो, पैसा अखेर नागरिकाच्याच खिशातून जाणार असेल, तर पद्धतीच्या फरकाला एवढे महत्त्व का द्यावे? ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

दीपस्तंभ

आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याच्या उत्तराशिवाय इतिहास समजत नाही. पैसा शेवटी कुटुंबांकडूनच येतो हे खरे आहे. मालकाने भरलेले अंशदानसुद्धा दीर्घकाळात मोठ्या प्रमाणात वेतनवाढीतूनच वळते होते, असे बहुतेक अर्थतज्ज्ञ मानतात. मात्र तो पैसा केव्हा घेतला जातो आणि कोणाकडून किती घ्यायचा हे कशावरून ठरते, या दोन गोष्टींत या पद्धती एकमेकींपासून पूर्णपणे वेगळ्या आहेत. रोखीच्या पद्धतीत माणूस आजारी असतानाच, म्हणजे कमाई थांबलेली असतानाच, पैसे द्यावे लागतात आणि जो जास्त आजारी त्याला जास्त द्यावे लागतात. खासगी विम्यात पैसे आधी दिले जातात, पण रक्कम व्यक्तीच्या जोखमीवर ठरते, म्हणून वृद्ध आणि जुनाट आजार असलेल्यांना हप्ता महाग पडतो. सामाजिक विम्यात, म्हणजे जर्मनीसारख्या सक्तीच्या अंशदानाच्या पद्धतीत, ती वेतनावर ठरते, तर करव्यवस्थेत उत्पन्नावर आणि उपभोगावर ठरते. गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे पैसे देण्याची वेळ आजारपणाच्या वेळेपासून दूर नेण्याचे आणि देय रकमेचा आजाराशी असलेला संबंध तोडण्याचे प्रयत्न आहेत, असे माझे मत आहे.

या प्रयत्नांची सुरुवात उपचारांच्या खर्चापासून झालीच नाही, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. एकोणिसाव्या शतकात वैद्यकाकडे विकण्यासारखे फार थोडे होते. कामगाराला भीती होती ती बुडणाऱ्या मजुरीची. म्हणूनच ब्रिटनमधील परस्पर साहाय्य संस्था आणि जर्मन भूमीतील खाणकामगारांचे व कारागीर संघांचे निधी प्रामुख्याने आजारपणाचा भत्ता देत असत. सभासद खरोखरच आजारी आहे का, हे पाहण्यासाठी दुसरे सभासद त्याच्या घरी जात. भेट आपुलकीची असे, तसाच तिच्यात तपासणीचाही भाग असे. संस्था लहान आणि ओळखीच्या माणसांची असल्यामुळे हे शक्य होते. मात्र सभासद एकत्रच म्हातारे होत गेले आणि वर्गणी तीच राहिली, तेव्हा अशा कित्येक संस्थांचे हिशेब जुळेनासे झाले.

चॅन्सेलर बिस्मार्कच्या काळात १५ जून १८८३ रोजी जर्मनीने जो कायदा केला, त्याने हे जुने निधी मोडले नाहीत. ठरावीक कामगारांना त्यांचे सभासदत्व सक्तीचे केले. दोन तृतीयांश अंशदान कामगाराचे आणि एक तृतीयांश मालकाचे असे. आजारपणात तिसऱ्या दिवसापासून अर्धी मजुरी मिळे आणि ती १३ आठवड्यांपर्यंत मिळू शके. सुरुवातीला लोकसंख्येचा जेमतेम दहावा हिस्सा या कायद्याखाली आला आणि निधींचा डॉक्टर व औषधांवरील खर्च भत्त्यांवरील खर्चापेक्षा कमी होता. कामगारवर्ग समाजवाद्यांकडे झुकू नये, हा बिस्मार्कचा उघड हेतू होता. हेतू राजकीय असला, तरी ‘सक्ती, वेतनानुसार अंशदान आणि सरकारपासून काहीसा स्वायत्त निधी’ हा साचा पुढे अनेक देशांनी स्वीकारला.

ब्रिटनने १९११ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांच्या पुढाकाराने आरोग्यविम्याचा कायदा केला. कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन आणि सरकारचे दोन, असे दर आठवड्याचे प्रमाण होते. त्यात कामगाराला डॉक्टर मिळाला, पण त्याच्या पत्नीला आणि मुलांना मिळाला नाही, आणि क्षयरोग वगळता रुग्णालयाचा खर्चही त्यात नव्हता. कमावत्याची मजुरी वाचवणे हा उद्देश असल्यावर ही रचना त्या काळाच्या तर्काला धरूनच होती. पुढे जंतुसंसर्गावरील सल्फा औषधे आली, पेनिसिलिन आले, शस्त्रक्रिया सुरक्षित झाल्या आणि रुग्णालय हे मरणाची वाट पाहण्याचे ठिकाण न राहता बरे होण्याचे ठिकाण बनले. तेव्हा कुटुंबातील कोणालाही वगळणे असमर्थनीय ठरले. सामाजिक सुरक्षेविषयीच्या १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने सर्वांसाठी आरोग्यसेवा गृहीत धरली आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिचा बहुतांश खर्च सर्वसाधारण करांतून होतो. न्यूझीलंडने १९३८ मध्येच तशा प्रकारचा कायदा केला होता, आणि सोव्हिएत रशियाने त्याआधी सरकारी मालकीची, अर्थसंकल्पातून चालणारी व्यवस्था उभारली होती.

यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे देईन की निवड झाली, परंतु ती समोर जे आधीपासून उभे होते त्यातूनच झाली. जर्मनीत निधी होते, म्हणून निधी वाढवले गेले. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात सरकारने रुग्णालयांचे नियोजन आपत्कालीन सेवेखाली आधीच हाती घेतले होते आणि धर्मादाय रुग्णालये आर्थिक डबघाईला आली होती, म्हणून राष्ट्रीयीकरण शक्य झाले.

नीलमोहर

दीपस्तंभ, मजुरीच्या भत्त्यापासून सुरुवात झाली हे माझ्या लक्षात कधीच आले नव्हते, मनापासून आभार. यातून आणखी एक शंका निर्माण होते. लोकांनी स्वेच्छेने खासगी विमा घ्यावा आणि सरकारने फक्त गरिबांकडे पाहावे, ही व्यवस्था वरकरणी सरळ दिसते. ती का पुरी पडली नाही? अमेरिकेने तोच मार्ग निवडला असे म्हणतात, ते कितपत खरे आहे?

अर्थविचार

अमेरिकेने तो मार्ग निवडला असे म्हणण्यापेक्षा ती त्या मार्गावर येऊन पोहोचली, असे म्हणणे योग्य होईल. १९२९ मध्ये डॅलसच्या बेलर रुग्णालयाने तेथील शिक्षकांसाठी एक योजना काढली. वर्षाला सहा डॉलर भरल्यास २१ दिवसांपर्यंतची रुग्णालयीन सेवा मिळणार होती. रुग्णांची थकलेली बिले ही रुग्णालयाची मुख्य अडचण होती, म्हणजे ही योजना मुळात रुग्णालयाची आवक स्थिर करण्यासाठी होती. पाठोपाठ महामंदी आली, रुग्णालये रिकामी पडू लागली आणि अशा योजना देशभर पसरून ‘ब्लू क्रॉस’ या नावाखाली एकत्र आल्या.

त्यानंतर युद्ध आले. १९४२ च्या कायद्याने वेतनवाढ गोठवली गेली, परंतु विम्यासारख्या लाभांना त्यातून सूट मिळाली. कामगारांची टंचाई असल्यामुळे मालकांनी वेतनाऐवजी आरोग्यविमा देऊ केला, आणि १९५४ च्या करसंहितेने मालकाने भरलेला हप्ता कामगाराच्या करपात्र उत्पन्नातून वगळण्यावर शिक्कामोर्तब केले. करसवलतीमुळे ही रचना इतकी घट्ट झाली की ती अद्याप सुटलेली नाही. १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव मांडला, पण डॉक्टरांच्या संघटनेच्या तीव्र विरोधापुढे तो टिकला नाही.

आता आपल्या मुख्य शंकेकडे येतो. सुरुवातीला ब्लू क्रॉस योजना साधारणपणे सर्वांना एकच दर लावत असत. व्यापारी विमा कंपन्या बाजारात उतरल्यावर त्यांनी तरुण, निरोगी कामगारांच्या गटांना कमी दर देऊ केले. निरोगी माणसे निघून गेली की उरलेल्यांचा सरासरी खर्च वाढतो, म्हणून दर वाढवावा लागतो, आणि दर वाढला की उरलेल्यांपैकी जे त्यातल्या त्यात निरोगी असतात तेही निघून जातात. यालाच प्रतिकूल निवड म्हणतात. यात कोणी लबाडी करतो असे नाही; प्रत्येक जण आपल्या दृष्टीने शहाणपणाचाच निर्णय घेतो, आणि तरीही ज्याला विम्याची सर्वाधिक गरज आहे तोच बाहेर राहतो. १९६३ मध्ये अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी आरोग्यसेवेची बाजारपेठ इतर बाजारपेठांपेक्षा वेगळी का आहे, हे अनिश्चिततेच्या आधारे मांडले. १९७० मध्ये अर्थतज्ज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी वापरलेल्या मोटारींचे, म्हणजे विकणाऱ्याला दोष माहीत असतात पण घेणाऱ्याला नसतात याचे, प्रसिद्ध उदाहरण देताना ६५ वर्षांवरील व्यक्तींना विमा मिळणे इतके अवघड का असते, याचाही उल्लेख त्याच युक्तिवादात केला होता.

अमेरिकेत हे प्रत्यक्ष घडले. निवृत्तांना परवडेल असा विमा मिळेना, तेव्हा १९६५ मध्ये वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठी ‘मेडिकेड’ हे सार्वजनिक कार्यक्रम आणावे लागले. ‘ओबामाकेअर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २०१० च्या कायद्याने जुना आजार असल्याच्या कारणावरून विमा नाकारण्यास बंदी घातली, आणि त्यासोबत विमा घेण्याची सक्ती व अनुदान या तरतुदी ठेवल्या. केवळ नकारावर बंदी घातली असती, तर लोकांनी आजारी पडेपर्यंत वाट पाहिली असती. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून आणि नेदरलँड्समध्ये २००६ पासून मूलभूत विमा सक्तीचा आहे, विमा कंपनीला कोणताही अर्जदार नाकारता येत नाही, आणि जिच्याकडे अधिक आजारी सभासद आहेत त्या कंपनीला जोखमीच्या प्रमाणात भरपाई मिळते. विमा खासगी असू शकतो. मात्र त्याच्याभोवती हे तिन्ही नियम लागतात आणि त्यातील एकही वगळता येत नाही, असे मला ठामपणे वाटते.

शेवंती

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु त्यांत पगार घेणारे कामगार गृहीत धरलेले आहेत. ज्या देशांत बहुसंख्य लोक शेती करतात, किरकोळ व्यवसाय करतात किंवा रोजंदारीवर जगतात, तेथे अंशदान कापायचे कोणाच्या पगारातून? जगातील फार मोठ्या लोकसंख्येसाठी हाच कळीचा प्रश्न आहे.

१९८० च्या दशकात कर्जबाजारी झालेल्या अनेक देशांनी सरकारी दवाखान्यांत रुग्णांकडून शुल्क घेण्यास सुरुवात केली. १९८७ मध्ये जागतिक बँकेने या धोरणाचा पुरस्कार केला, आणि त्याच वर्षी मालीतील बामाको येथे आफ्रिकी आरोग्यमंत्र्यांनी स्वीकारलेल्या ‘बामाको पुढाकारात’ औषधांच्या विक्रीतून आलेला पैसा गावपातळीवरच ठेवून दवाखाना चालवावा, अशी कल्पना मांडली गेली. तिच्यामागील अडचण खरी होती, कारण फुकट असलेल्या दवाखान्यात औषधेच नसतील तर त्या फुकटपणाचा उपयोग नाही. तथापि शुल्कातून मिळालेले उत्पन्न बहुतेक ठिकाणी किरकोळ राहिले, गरिबांना सूट देण्याची तरतूद कागदावरच राहिली, आणि लोक दवाखान्यात येणे टाळू लागले. केनियातील शाळांमध्ये जंतनाशक औषधांवर झालेल्या एका प्रयोगात, अगदी अल्प शुल्क लावताच औषध घेणाऱ्यांचे प्रमाण ७५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. ‘थोडेसे तरी पैसे घ्यावेत, म्हणजे लोकांना किंमत कळते’ हे वाक्य जेव्हा ऐकू येते, तेव्हा मला हे आकडे आठवतात आणि मन अस्वस्थ होते. युगांडाने २००१ मध्ये सरकारी दवाखान्यांतील शुल्क रद्द केले, त्यानंतर तेथील उपस्थिती लक्षणीय वाढली.

पगारदार नसलेल्यांना सामावून घेण्याच्या वाटा निरनिराळ्या निघाल्या. जपानने १९६१ मध्ये सार्वत्रिक विमा पूर्ण केला, तो शेतकरी आणि स्वयंरोजगारितांसाठी नगरपालिका व गावपातळीवरील विमा उभारून. दक्षिण कोरियाने १९७७ मध्ये ५०० पेक्षा अधिक कामगारांच्या कंपन्यांपासून सुरुवात केली, १९८९ पर्यंत साऱ्या देशाला विमा दिला आणि २००० मध्ये शेकडो निधी एकत्र करून एकच विमा संस्था केली. घानाने २००३ च्या कायद्याने मूल्यवर्धित कराच्या धर्तीवर वस्तू व सेवांवर अडीच टक्के अधिभार लावला, म्हणजे विम्याचे नाव कायम ठेवून बराचसा पैसा करातून उभा केला. थायलंडने मात्र २००२ पर्यंत वेगळाच निर्णय अमलात आणला. सरकारी नोकर आणि खासगी कंपन्यांतील कामगार यांच्या योजना तशाच ठेवून उरलेल्या सर्वांचा, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश लोकसंख्येचा, खर्च सर्वसाधारण करांतून उचलायचे त्या देशाने ठरवले. रुग्णाने प्रत्येक भेटीला ३० बात (थायलंडचे चलन) द्यायचे होते आणि रुग्णालयाला नोंदलेल्या लोकसंख्येनुसार दरडोई रक्कम मिळणार होती. शेतकऱ्यांकडून हप्ते गोळा करण्यावर जो खर्च होतो, तो पाहता हा निर्णय शहाणपणाचा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या अहवालानुसार, देशाच्या एकूण आरोग्यखर्चात रुग्णांनी थेट खिशातून दिलेल्या पैशांचा वाटा १५ ते २० टक्क्यांपर्यंत उतरला, तरच उपचारांमुळे कुटुंबे देशोधडीला लागण्याचे प्रमाण नगण्य होते.

परिघ

शेवंती यांनी थायलंडच्या दरडोई रकमेचा उल्लेख केला, तोच धागा पुढे नेतो. पैसा गोळा कसा होतो यावर जितकी चर्चा होते, तितकी तो डॉक्टरांना आणि रुग्णालयांना कसा दिला जातो यावर होत नाही, आणि खर्चाचे भवितव्य बऱ्याच अंशी तेथेच ठरते. प्रत्येक तपासणीचे वेगळे पैसे मिळत असतील तर तपासण्या वाढतात. ठरावीक पगार किंवा दरडोई रक्कम असेल तर अनावश्यक उपचार कमी होतात, पण आवश्यक उपचारही टाळले जाण्याची किंवा रांगा लांबण्याची भीती असते. मेडिकेअरने सुरुवातीला रुग्णालयांना त्यांचा झालेला खर्च भरून देण्याची पद्धत ठेवली होती, म्हणजे जो अधिक खर्च करील त्याला अधिक पैसे मिळत. १९८३ पासून आजाराच्या गटानुसार आधीच ठरवलेली रक्कम देणे सुरू झाले. येल विद्यापीठात विकसित झालेल्या वर्गीकरणावर ही पद्धत आधारलेली आहे. त्यानंतर रुग्णालयातील मुक्काम कमी झाला, आणि याच धर्तीवरची पद्धत पुढे अनेक देशांनी स्वीकारली. तिचा दोषही लक्षात ठेवावा लागेल, कारण रुग्णाला लवकर घरी पाठवण्याचा आणि आजार अधिक गंभीर गटात नोंदवण्याचा मोह तिच्यात आहे.

‘फुकट मिळाले की लोक जास्त वापरतात’ या म्हणण्यात तथ्य आहेच, फक्त ते अर्धे आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात सुरू झालेल्या रँड या संशोधन संस्थेच्या प्रयोगात हजारो व्यक्तींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वेगवेगळ्या विमा योजनांत घातले गेले. ज्यांना स्वतःचा वाटा भरावा लागत होता त्यांनी सेवा कमी वापरल्या, आणि सरासरी व्यक्तीच्या प्रकृतीत फारसा फरक दिसला नाही. परंतु त्यांनी गरजेच्या आणि बिनगरजेच्या सेवा जवळपास सारख्याच प्रमाणात कमी केल्या, आणि गरीब व आधीच आजारी असलेल्यांचा रक्तदाब मोफत सेवेत अधिक चांगला आटोक्यात राहिला. कोणती तपासणी निरर्थक आहे हे रुग्णाला कळत नाही, म्हणून त्याच्या खिशावर भार टाकून अपव्यय निवडून काढता येत नाही. ते काम डॉक्टरांना मोबदला देण्याच्या पद्धतीतून व्हायला हवे, असे माझे मत आहे.

नीलमोहर

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. शेवटची एक शंका विचारते. लोकसंख्या वृद्ध होत असताना पगारावरील अंशदान आणि कर यांपैकी कोणती पद्धत अधिक टिकेल?

दीपस्तंभ

केवळ पगारावर उभी असलेली व्यवस्था अधिक अडचणीत येते, कारण कमावते कमी होतात आणि निवृत्त वाढतात. फ्रान्सने म्हणूनच १९९१ पासून वेतनाबरोबरच निवृत्तिवेतन आणि गुंतवणुकीच्या उत्पन्नावरही सामाजिक कर बसवला, आणि १९९८ मध्ये कामगारांचे आरोग्य अंशदान जवळपास पूर्णपणे त्या कराकडे वळवले. जर्मनीही आरोग्यविम्याला केंद्रीय अर्थसंकल्पातून अनुदान देते. जपानचा अनुभव अधिक बोलका आहे. त्या देशाने १९७३ मध्ये ७० वर्षांवरील व्यक्तींचे उपचार मोफत केले, खर्च झपाट्याने वाढला आणि सुमारे दहा वर्षांत रुग्णाचा वाटा पुन्हा आणावा लागला. अनेक वृद्ध रुग्णालयात राहत होते ते उपचारांसाठी नव्हे. त्यांची शुश्रूषा करणारे घरी कोणी नव्हते म्हणून. २००० मध्ये जपानने दीर्घकालीन शुश्रूषेसाठी स्वतंत्र सक्तीचा विमा सुरू केला. वयाच्या ४० व्या वर्षापासून प्रत्येकाने त्यात अंशदान द्यायचे आणि खर्चाचा सुमारे अर्धा भाग करांतून यायचा, अशी त्याची रचना आहे. जर्मनीने असा विमा १९९५ मध्येच आणला होता. यापुढे ‘कर की अंशदान’ या वादापेक्षा आजारावरील उपचार आणि वार्धक्यातील शुश्रूषा यांचे पैसे वेगवेगळ्या हिशेबांत ठेवायचे की एकाच, हा प्रश्न धोरणकर्त्यांना अधिक छळेल. एकाच हिशेबात ठेवल्यास शुश्रूषेचा खर्च रुग्णालयाच्या दराने होतो, आणि वेगळे ठेवल्यास आजारी वृद्धाची दोन निधींमध्ये टोलवाटोलवी होण्याची शक्यता असते.